ढेकणाचं मूळ घर

माझ्या नवऱ्याच्या मानेवर एका ओळीत तीन लाल गांधी दिसल्या तेव्हा मी पोह्यांना फोडणी घालत होते. शनिवार होता. मी गॅस बंद केला.

"अहो, इकडे या. मान वाकवा."

"डास असणार गं," हे म्हणाले.

डास! एकतीस वर्षं मी कीड निरीक्षक आहे आणि हा माणूस मला डास सांगतोय. डास बेशिस्त, मिळेल तिथे सोंड खुपसतो. पिसू घोट्यापाशी खेळते. मुंगी चावली तर माणूस तिथल्या तिथे ओरडतो. ढेकूण मात्र शिस्तीत जेवतो. एक घास, दोन पावलं पुढे, दुसरा घास, मग तिसरा. चावताना कळत नाही, खाज नंतर सुटते.

मी बॅटरी आणली, जुनं एटीएम कार्ड आणलं आणि आमच्या गादीच्या प्रत्येक शिवणीतून ते फिरवलं. काळे ठिपके नाहीत, टाकलेली कात नाही, तो कुजक्या कोथिंबिरीसारखा वासही नाही. गादी स्वच्छ. मग माझं लक्ष खुंटीवरच्या यांच्या कापडी पिशवीकडे गेलं. तिच्या तळाच्या शिवणीत तो बसला होता. एकच. मसुराएवढा, पोट भरलेला, निवांत.

माझ्या घरात! अहो, आमच्या कृष्णाकाठ अपार्टमेंटमध्ये मी हळदीकुंकवाला गेले की बायका हसायच्या, "वृषालीवहिनी आल्या गं, गाद्या झाका!" आणि मीही काही कमी नव्हते. वाण घेता घेता डोळा सोफ्याच्या खाली. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून, तशातली गत. फक्त माझ्याकडे झाकायला काही नाही असं मला वाटायचं.

ही पिशवी गुरुवारची. एसटीच्या सांगली डेपोतून रिटायर होऊन यांना दीड वर्ष झालं, आणि वर्षभरापासून दर गुरुवारी हे नरसोबाच्या वाडीला जायचे. रात्री तिथेच भक्तनिवासात मुक्काम, शुक्रवारी पेढे घेऊन परत. मला कौतुक होतं. चला, म्हातारपणी देवाधर्माला लागला.

मी ढेकूण चिमट्याने उचलून बाटलीत घातला आणि पोहे न खाता ऑफिसला गेले.

आता पेटीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

एका घरात ढेकूण होतात ते बहुतेक वेळा एकाच गाभण मादीपासून. ती कुणाच्या तरी बॅगेतून येते, अंडी घालते, मग भावंडं भावंडांतच वाढतात. चार-दोन वर्षांत त्या घरातले सगळे ढेकूण एकमेकांसारखे होतात आणि त्यांच्या डीएनएवर त्या घराचा जणू शिक्का बसतो. दोन हजार तेहतीस साली आमच्या कीड-नोंद कार्यालयात पेटी आली. मिक्सरएवढं यंत्र. त्यात एक ढेकूण चिरडून घातला की चाळीस मिनिटांत ते दोन गोष्टी सांगतं. हा ढेकूण कोणत्या वंशाचा, आणि गेल्या तीन दिवसांत तो कुणाचं रक्त प्यायला. रक्तावरून माणूस बाई की पुरुष, वय साधारण किती, घरातल्यांशी नातं आहे का, हेही सांगतं.

पण पेटीचं खरं काम वेगळंच. कीड कुठून सुरू झाली ते शोधायचं. मुलगी सासरी जाते तेव्हा आईच्या कपाटातल्या चार-पाच साड्या घेऊन जाते. कपाटात प्रकार जास्त, तिच्या बॅगेत कमी. ढेकणांचंही तसंच. जुन्या वस्तीत डीएनएचे बारीक प्रकार जास्त, तिथून फुटलेल्या नव्या वस्तीत कमी. म्हणजे दोन घरांतल्या ढेकणांत ज्या घरात प्रकार जास्त, ते घर आधीचं. त्याला आम्ही 'मूळ घर' म्हणतो. मूळ घराचं नाव लाल अक्षरात यादीत लागतं. घर तीन दिवस सील करून बावन्न अंशांपर्यंत तापवतात. बाकीच्या घरांना पिवळी खूण, त्यांच्याकडे एका दिवसात वाफ देऊन मोकळं, नाव जाहीर नाही. यादी फोनवर, सगळ्यांना दिसते. चार वर्षांत शहरातले ढेकूण दहा टक्क्यांवर आले. माझा सत्कार झाला, शाल मिळाली.

त्याच यादीत मी एकदा लाल अक्षरात लिहिलं होतं: लोंढे लॉज, मिरज.

आमोस लोंढे यांचं बारा खोल्यांचं लॉज. मिरजेला मोठ्या हॉस्पिटलांत कुठून कुठून पेशंट येतात, त्यांचे नातेवाईक तिथे उतरायचे. सांगलीतल्या अकरा घरांत ढेकूण सापडले, सगळ्यांचा वंश लॉजच्या ढेकणांशी जुळला. लॉजमधून मी चाळीस ढेकूण गोळा केले, घरांतून एकेक. पेटी म्हणाली, लॉजमध्ये प्रकार जास्त. मी नाव लावलं. महिन्याभरात खोल्या ओस पडल्या, सहाव्या महिन्यात लॉज बंद.

लोंढ्यांची मुलगी सलोमी. आणि माझा मुलगा कौस्तुभ तिच्याशी लग्न ठरवून बसला होता, हे मला नाव लावल्यानंतर कळलं. तो माझ्यासमोर उभा राहून म्हणाला, "आई, तू ढेकूण नाही मारलेस. माणूस मारलास." मी म्हटलं, "नियम तो नियम. तुझ्या सासऱ्यासाठी वेगळा काढू?" त्याने बॅग भरली. लग्न करून दोघं हैदराबादला गेले. सहा वर्षं झाली. आमच्यात एक शब्द नाही.

अजून सांगते, कारण लपवून काय करू? दोन वर्षांनी त्या अकरापैकी तीन घरांत पुन्हा ढेकूण निघाले. या वेळी मी भरपूर नमुने घेतले. प्रकार लॉजपेक्षा जास्त निघाले! म्हणजे ढेकूण सांगलीतून लॉजमध्ये गेले होते, लॉजमधून सांगलीत आले नव्हते. चाळीस नमुने घेतले तिथे प्रकार जास्त दिसणारच, एकच घेतला तिथे कमीच दिसणार. शाळकरी पोराला कळावी अशी चूक. मी यादीतून नाव काढलं. पण काढलेलं नाव कोण वाचतं? लोंढ्यांच्या दारात जाऊन "चुकलं" म्हणायला हवं होतं. पाय उचलला नाही. कौस्तुभलाही कळवलं नाही.

तर, शनिवारी मी ढेकूण पेटीत घातला. आमचे तंत्रज्ञ बसवराज हिरेमठ जेवायला गेले होते, मी एकटीच. चाळीस मिनिटांनी अक्षरं उमटली.

वंश: नोंदीत नाही. रक्त: दोन व्यक्ती. पहिली, हेमंत तोडकर. दुसरी, नोंदीत नाही. स्त्री. वय तीन ते पाच वर्षं. हेमंत तोडकर यांच्याशी रक्ताचं जवळचं नातं. घरातल्या दुसऱ्या रहिवाशाशी नातं: शून्य.

घरातली दुसरी रहिवासी म्हणजे मी.

मी तीन वेळा वाचलं. यांच्या रक्ताची, तीन-चार वर्षांची मुलगी. जिच्या शेजारी हे गुरुवारी रात्री झोपले होते. पहिल्यांदा मनात आलं, नात? पण मी पडले शास्त्राची माणूस. नात असती तर माझंही रक्त तिच्यात दिसलं असतं. इथे शून्य. म्हणजे माझा काही संबंध नाही. फक्त यांचा.

साठ वर्षांचा माणूस. गुडघेदुखीचं तेल लावणारा. वाडीचे पेढे आणणारा!

घरी येऊन मी काही विचारलं नाही. पुरावा हातात असूनही विचारलं नाही, कारण खरं उत्तर आलं असतं तर मी कुठे जाणार होते? नुसती भांडी आपटली.

"मीठ जरा जास्त पडलंय," हे जेवताना म्हणाले.

"पडू दे. वाडीला कोण कोण असतं हो?"

"दत्तमहाराज."

"आणि?"

"आणि भक्त. का गं?"

असं म्हणून माणूस ताकाचा भुरका मारतो! चेहऱ्यावर ओझं नाही, काही नाही. रविवारी मी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. चौतीस वर्षांचा संसार. कोणाला सांगू? ज्या मुलाला सांगितलं असतं तो बोलत नव्हता.

सोमवारी सकाळी बसवराज माझ्या टेबलापाशी आले. मूळचे विजापूरचे, माझ्याहून दोन वर्षांनी मोठे, मराठी बोलतात ते हळू आणि निवडून.

"बाई, शनिवारचा नमुना तुमच्या घरचा होता ना?"

"होता."

"मग गाळणी काढली होती का?"

नव्हती काढली.

गाळणी म्हणजे काय सांगते. नमुना हाताळणाऱ्या माणसाची कातडी, केस, थुंकीचा अंश पेटीत पडू शकतो. म्हणून प्रत्येक निरीक्षकाचा डीएनए पेटीत भरून ठेवलेला असतो आणि निकालात तो कुठेही दिसला की पेटी त्याला कचरा समजून गाळून टाकते. गेली आठ वर्षं ती माझं रक्त गाळत होती. दुसऱ्यांच्या घरचे ढेकूण तपासताना ते बरोबरच होतं. पण नमुना माझ्या घरचा, आणि त्या पोरीत जे काही माझं होतं ते यंत्राने निमूटपणे काढून फेकलं होतं. नवशिक्या निरीक्षकांना मी पहिल्या दिवशी हेच शिकवते. म्हणतात ना, लोका सांगे ब्रह्मज्ञान.

ढेकूण पुन्हा लागला नाही, वाचन साठवलेलं होतं. बसवराजांनी गाळणी बंद केली आणि बटण दाबलं. अक्षरं बदलली.

हेमंत तोडकर यांच्याशी नातं: एक चतुर्थांश. वृषाली तोडकर यांच्याशी नातं: एक चतुर्थांश.

मी स्टुलावर बसले. बसवराजांनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"बाई, पेढे कधी?" ते म्हणाले. आणि मी ऑफिसात, सगळ्यांसमोर, हुंदके देऊन रडले.

दुपारीच घरी आले. हे दार उघडायला आले तेव्हा डोळे झोपेचे होते.

"तिचं नाव काय?" मी विचारलं.

यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि सोफ्यावर बसले. "रिबेका. घरात रिबू म्हणतात."

"मिरजेत?"

"हो. वर्ष झालं. लोंढ्यांना अर्धांगवायू झाला, म्हणून सगळे परत आले. कौस्तुभ घरून काम करतो. सलोमी पाळणाघर चालवते, नऊ मुलं आहेत. गुरुवारी आजोबा येणार म्हणून रिबू संध्याकाळपासून दारात उभी असते. रात्री माझ्याच शेजारी झोपते, पाय माझ्या पोटावर टाकून."

"मला सांगायला काय झालं होतं?"

"विचारलं असतंस तर सांगितलं असतं. सहा वर्षांत तू त्याचं नाव घेतलं नाहीस, वृषाली. मी घेतलं की उठून जायचीस."

हे खरं होतं. मला राग आला नाही.

"कोणासारखी दिसते?"

"आठ्या घातल्या की डिट्टो तुझ्यासारखी," हे म्हणाले आणि रडायला लागले.

आता खरी पंचाईत. नमुना पेटीत गेला की पाच दिवसांत नोंद पूर्ण करायची, म्हणून संध्याकाळी ऑफिसात परत जाऊन मी रिबूचा पत्ता भरला. माझं घर आठ वर्षं स्वच्छ म्हणून नोंदलेलं, त्यामुळे 'मूळ घर' या रकान्यात पेटीने आपणहून त्या पाहुण्या रक्ताच्या घराचा पत्ता सुचवला. लोंढे, मिरज. बसवराज म्हणाले, "तुम्ही नुसतं 'मान्य' दाबलं की झालं." झालं म्हणजे काय? लोंढ्यांचं नाव दुसऱ्यांदा लाल. पाळणाघर बंद. लाल घरात कोण आपलं पोर ठेवील? आणि कौस्तुभ या जन्मात माझं तोंड बघणार नाही.

नोंद पुसून टाकावी असंही मनात आलं. खोटं कशाला बोलू, आलं. पण मग ढेकूण तिथेच राहणार. रिबूला चावणार, आणि नऊ मुलांच्या पिशव्यांतून नऊ घरांत जाणार. उपचार हवा तर नोंद हवी, आणि नोंद हवी तर ती खरी हवी. सहा वर्षांपूर्वी जे केलं नाही ते करायचं ठरवलं. दोन्ही घरांतून सारखे नमुने. वीस आणि वीस.

मंगळवारी सकाळी आम्ही दोघं मिरजेला गेलो. लॉजच्या मागच्याच गल्लीत तीन खोल्या. दार कौस्तुभने उघडलं. केस पांढरे व्हायला लागलेत त्याचे. बत्तिसाव्या वर्षी! मला हात लावावासा वाटला, आणि मी काय म्हणाले माहितीये?

"कीड-नोंद कार्यालयातून आलेय. नमुने घ्यायचेत."

त्याचा चेहरा दगड झाला. "घे आणि जा."

आतून आवाज आला, जड, अडखळता. "कौस्तुभ, दारात नको. आत घे."

आमोस लोंढे पलंगावर बसले होते, उजवा हात मांडीवर निर्जीव. भिंतीवर येशूची तसबीर, खाली मुलांची रंगीत दप्तरं. मी समोर उभी राहिले. वाटेत पाठ केलेलं सगळं विसरले.

"लोंढेसाहेब, तुमचं लॉज मूळ घर नव्हतं. मी नमुने चुकीचे घेतले. मला चार वर्षांपूर्वी कळलं. मी आले नाही. तुमचं वाटोळं माझ्या हातून झालं."

कौस्तुभ चमकून माझ्याकडे वळला. "चार वर्षांपूर्वी?"

"हो."

"आणि गप्प बसलीस?"

"बसले. लाज वाटली म्हणून."

तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. "मॅडम," लोंढे म्हणाले, "मला ठाऊक होतं की आमच्या खोल्या स्वच्छ असायच्या. दर रविवारी चर्चहून आलो की मी स्वतः गाद्या उलटायचो. कुणीतरी येऊन हे म्हणावं एवढीच इच्छा होती. सलोमी, चहा ठेव."

चहा होईपर्यंत मी कामाला लागले. रिबूची लाकडी कॉट पुढे ओढली. सांध्यांच्या खाचांत काळे ठिपके होते, शाईचं बोट टेकवावं तसे. ती स्वतः, कपाळाला आठ्या घालून, माझ्या शेजारी उकिडवी बसली.

"तू काय शोधतेस?"

"ढेकूण."

"ते कुठे राहतात?"

"जिथे माणूस झोपतो तिथे. शिवणीत, खिळ्याच्या भोकात, भिंतीच्या भेगेत."

"आम्ही गादी उन्हात टाकली होती," सलोमी दारातून म्हणाली. अजून 'मॅडम' नाही, 'आई' नाही, काहीच नाही.

"उन्हाने मरत नाहीत गं. ते सावलीच्या बाजूला सरकतात. रॉकेलनेही नाही. वाफ लागते, सावकाश, शिवणीवरून. कपडे कडकडीत गरम पाण्यात. कॉट भिंतीपासून वीतभर लांब, भेगा बुजवून. आणि बाहेरून आलेली पिशवी अंथरुणावर ठेवायची नाही, कुणाचीही." शेवटचं मी नवऱ्याकडे बघून म्हणाले.

"आजोबांची पण नाही?" रिबूने विचारलं.

"आजोबांची तर मुळीच नाही."

ती खुदकन हसली. मी वीस ढेकूण मोजून बाटलीत घातले. दोन निसटले, ते तिने दाखवले.

आता माझ्या घरातले वीस. पण माझ्या घरी होता एकच, पिशवीतला. बाकी आणू कुठून? परतताना बसमध्ये हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "एक सांगायचं राहिलं. मी दुपारी कौस्तुभच्या खोलीत झोपतो. तू ऑफिसला गेलीस की."

ती खोली मी सहा वर्षांत उघडली नव्हती. झाडायला बाई येते तिलाही नको म्हणायचे. घरी आले, कडी काढली, त्याच्या कॉटची फळी उचलली. खाली सगळं काळं. कात, अंडी, आणि ते, झुंडीने. कॉटखाली माझी तपासणीची जुनी पिशवी पडलेली होती, आठ-दहा वर्षांपूर्वीची. बहुधा तिच्यातूनच आले असणार, कुठल्या घरातून ते देव जाणे. आणि कौस्तुभ गेल्यापासून, आधी ड्युटी नसेल तेव्हा आणि दीड वर्षापासून रोज, हा माणूस आपल्या मुलाच्या अंथरुणावर दुपारी लवंडून त्यांना पोसत होता.

"तुला त्याचा वास येतो का अजून, उशीला?" मी विचारलं. कधी नव्हे ते 'तू' म्हणाले.

"नाही येत," हे म्हणाले. "पण झोप लागते."

वीस आणि वीस. बुधवारी बसवराजांनी आणि मी, गाळणी काढून, सगळे नमुने लावले. मिरजेच्या ढेकणांत चार प्रकार. माझ्या घरच्या ढेकणांत अकरा, आणि मिरजेचे चारही त्यांत. शंकेला जागा नाही. आजोबांनी गुरुवारच्या पिशवीतून नातीसाठी खाऊ नेला होता आणि सोबत हेही.

रकान्यात मी लिहिलं: मूळ घर, वृषाली तोडकर, कृष्णाकाठ अपार्टमेंट, सांगली. बसवराजांनी विचारलं, "नक्की ना, बाई?" मी 'मान्य' दाबलं.

दिव्याखाली अंधार, ही बातमी व्हायला अर्धा तास लागला. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी हसण्याची चित्रं टाकली, कुणी हात जोडल्याची. लिफ्टमध्ये शिरले तर शेजारच्या गुळवणीबाई, वीस वर्षं माझ्याकडून विरजण नेणाऱ्या, "मी जिन्याने येते" म्हणून बाहेर पडल्या. त्यांचा राग नाही. हे सगळं मीच शिकवलं होतं लोकांना.

गुरुवारी सकाळी घर सील होणार. तीन दिवस राहायचं कुठे? नणंदेला फोन केला. ती म्हणाली, "वहिनी, एरवी कधीही या, पण नातवाची परीक्षा आहे." दोन हॉटेलांनी यादीत माझं नाव शोधलं आणि खोली नाही म्हणून सांगितलं. लोंढ्यांच्या पाहुण्यांना तेव्हा असंच कुणीतरी सांगितलं असणार, की तिकडे जाऊ नका. जिन्यात बॅगांवर आम्ही दोघं बसलो होतो. बॅगाही आधी तापवून घेतलेल्या, शिस्तीत. आत पंखे घोंगावायला लागले होते.

फोन वाजला. अनोळखी नंबर.

"आई, सलोमी बोलतेय." ती घाईने म्हणाली, "पप्पांनी यादी वाचली. ते म्हणतात, रूम तयार आहे, दोघांना यायला सांग. आमच्या दारातून कुणी परत गेलेलं नाही, म्हणतात."

मी फोन पुढे केला. यांनी फोन घेतला.

दुपारी मिरजेला पोचलो तेव्हा तिथलं वाफेचं काम उरकलं होतं. गाद्या कोरड्या होऊन आत आल्या होत्या. पाळणाघरातली पोरं ओळीने भात खात होती. लोंढ्यांनी डाव्या हाताने खुर्ची दाखवली. रिबूने आधी आजोबांची पिशवी दारातच अडवली आणि उघडून तपासली, तळापर्यंत, मग आत सोडली. मग माझ्यापाशी येऊन विचारलं, "तू पण राहणार?"

"राहू का?"

तिने आठ्या घालून विचार केला आणि माझं बोट धरलं. केवढं ते बोट माझं, आणि केवढी तिची मूठ! एवढी वर्षं मी काय करत होते?

कौस्तुभ आतल्या खोलीत बिछाना घालत होता. चादरीचं टोक गादीखाली खोचताना, माझ्याकडे पाठ करूनच, त्याने विचारलं, "घर किती दिवस बंद राहणार?"

"तीन. दोन दिवस तापवतात, तिसऱ्या दिवशी फेरतपासणी."

तो जरा वेळ चादर सारखी करत राहिला. सारखीच होती ती.

"तीन दिवसांत काय होतंय?" तो म्हणाला. "मला नाही वाटत. आठ दिवस तरी लागतील."

बावन्न अंशांना ढेकूण दोन तासांत मरतो, अंडी सहा तासांत. तीन दिवसांचा नियम मीच लिहिलेला आहे. एकतीस वर्षांत मी कुणाला चुकीचा आकडा बोलू दिला नाही.

"हो रे," मी म्हटलं. "आठ तरी लागतील."